एक्सेल ॲड-इनच्या खिडकीला स्वतःचा आयकॉन : तुमच्याकडे दिसतो, पण दुकानदाराकडे दिसतो का?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एक्सेलमधल्या बिलिंग फॉर्मच्या टायटल बारवर स्वतःचा आयकॉन बसवला. कोड व्हिडिओत टाइप करून दाखवलाय, त्यामुळे तो इथे परत लिहीत नाही. इथे आपण त्या कोडमधली प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते समजून घेऊ. कोड कॉपी करणं सोपं असतं. अडचण येते ती नंतर, जेव्हा तुमच्या लॅपटॉपवर छान दिसणारा आयकॉन दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर गायब होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या आयकॉनपायी फॉर्मच उघडत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण एक्सेलमध्ये बिलिंग, उधारी, दूध संकलन, क्लासची फी असली छोटी टूल्स बनवून आजूबाजूच्या दुकानदारांना देण्याच्या विचारात आहात. त्यांच्यासाठी आजचे नियम दोनच. एक, आयकॉन ॲड-इनच्या पोटातच असला पाहिजे. दोन, आयकॉन नाही मिळाला तरी बिल थांबता कामा नये. पुढे जे काही सांगतोय ते या दोन नियमांसाठीच आहे.

एवढ्याशा चित्राने काय फरक पडतो?

दुकानाच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर डोळ्यासमोर आणा. एका एक्सेलमध्ये स्टॉकची यादी, दुसऱ्यात उधारी, बाजूला ब्राउझर, त्यातच व्हॉट्सॲप उघडं. त्यात तुमचा बिलिंगचा फॉर्म. एक्सेलचा युजरफॉर्म मुळात बिनचेहऱ्याचा असतो. त्याच्या टायटल बारवर फक्त नाव असतं, आयकॉन नसतो, आणि प्रॉपर्टीजच्या यादीत आयकॉन नावाची प्रॉपर्टीही सापडत नाही. संध्याकाळी सातला गर्दी असते, काउंटरवरचा मुलगा नावं वाचत बसत नाही. तो रंग आणि आकार बघून क्लिक करतो. चुकीची खिडकी बंद झाली की अर्धवट भरलेलं बिल गेलं, आणि समोरचं गिऱ्हाईक ताटकळलं.

दुसरी गोष्ट किमतीची. तुम्ही टूलचे पैसे मागता तेव्हा दुकानदाराला आतला कोड दिसत नाही, दिसते ती खिडकी. स्वतःचं चिन्ह असलेली खिडकी "हे कुणीतरी नीट बसून बनवलंय" असं सांगते. अर्थात बेरीज चुकत असेल तर आयकॉन तुम्हाला वाचवणार नाही. म्हणून हे काम हिशोब पक्का झाल्यावरचं आहे, आधीचं नाही.

आयकॉनच्या चार जागा, त्यांची गल्लत करू नका

"सर, आयकॉन बदलायचाय" असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठला? कारण जागा चार आहेत आणि चौघींचं काम वेगळं आहे.

१. फाईलचा आयकॉन. फोल्डरमध्ये तुमची ॲड-इन फाईल जी दिसते ती. एक्सेल २००७ पासून ॲड-इनची फाईल एक्सएलएएम प्रकारची असते, आणि त्या प्रकारच्या सगळ्या फाईलींना कुठलं चित्र द्यायचं ते विंडोज ठरवतं. तुमच्या एकट्या फाईलला वेगळं चित्र देता येत नाही.

२. शॉर्टकटचा आयकॉन. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन. इथे तुमची आयको फाईल निवडता येते. कोडची एक ओळही लागत नाही. दुकानदाराची गरज फक्त "डेस्कटॉपवर पटकन सापडलं पाहिजे" एवढीच असेल, तर काम इथेच संपलं. उगाच पुढे जाऊ नका.

३. रिबनवरच्या बटणाचा आयकॉन. एक्सेलच्या वरच्या पट्टीत तुमच्या टूलचं बटण असतं, त्यावरचं चित्र. ते फाईलच्या आत असलेल्या एक्सएमएल भागातून येतं. तिथे एक्सेलची तयार चित्रंही वापरता येतात आणि स्वतःची पीएनजीही चालते.

४. खिडकीचा आयकॉन. बटण दाबल्यावर जो फॉर्म उघडतो, त्याच्या टायटल बारच्या डाव्या कोपऱ्यातलं चित्र. आजचा विषय हा.

बटणावर चाललेली पीएनजी खिडकीला चालत नाही, त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या जागेत हमखास गोंधळ होतो. खिडकीला खरी आयको फाईलच लागते.

आधी आयकॉन नीट बनवा

टायटल बारवरचा आयकॉन किती मोठा असतो? डिस्प्लेचं स्केलिंग १०० टक्के असेल तर १६ बाय १६ ठिपके. म्हणजे सगळे मिळून २५६ ठिपके. त्यात दुकानाचं पूर्ण नाव, गणपती आणि मोबाईल नंबर बसवायला गेलात तर डाग दिसेल, दुसरं काही नाही. एकच अक्षर घ्या.

अक्षर मराठी घेतलंत तर फारच छान, पण निवडून घ्या. शिरोरेषेला एक ओळ जाते, वर वेलांटी किंवा मात्रा आली की आणखी दोन-तीन ओळी जातात, खाली उकार आला की तेवढ्याच खालून जातात. मग मूळ अक्षराला जागा उरते कुठे? म्हणून "श्री" किंवा "कृ" अशी अक्षरं टाळा. "म", "ग", "ब", "स" अशी मोकळी अक्षरं लहान आकारातही वाचता येतात.

पार्श्वभूमी भरीव ठेवा आणि अक्षर त्यावर पांढरं किंवा फिकट करा. कुणाच्या कॉम्प्युटरवर टायटल बार पांढरा असतो, कुणाच्या काळा. पारदर्शक पार्श्वभूमीवर काळं अक्षर काढलं तर दुसऱ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवर ते दिसणारच नाही. आणि रंग हिरवा घेऊ नका, एक्सेलचा स्वतःचा आयकॉन हिरवा आहे. काउंटरवरच्या मुलाला फरक कळावा म्हणूनच हा खटाटोप, मग त्याच रंगात शिरायचं कशाला? केशरी, गडद लाल, जांभळा, काहीही घ्या.

बनवायला जिंप हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. १६ बाय १६ चं एक आणि ३२ बाय ३२ चं एक अशी दोन चित्रं बनवा आणि दोन वेगळ्या आयको फाईलमध्ये एक्सपोर्ट करा. ३२ चं चित्र छोटं करून १६ चं बनवू नका, १६ चं वेगळं काढा. छोटं करताना रेषा पुसट होतात.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पीएनजी फाईलचं नाव बदलून शेवटी आयको लिहिलं म्हणजे ती आयको होत नाही. ओल्या नारळावर खोबरेल तेलाचं लेबल लावण्यासारखं आहे ते, आतला माल तोच राहतो. दुसरं, खरी आयको असूनही एक्सेल कधी कधी "इनव्हॅलिड पिक्चर" असं म्हणतं. व्हीबीएचे फॉर्म जुन्या काळातले आहेत, त्यांना नव्या पद्धतीचे, अर्धपारदर्शक कडांचे किंवा आतून पीएनजीने दाबलेले आयकॉन पचत नाहीत. अशा वेळी जिंपमध्ये एक्सपोर्ट करताना पीएनजी कॉम्प्रेशनची खूण काढा आणि २५६ रंगांचा पर्याय निवडा. एका अक्षराच्या चित्राला २५६ रंग भरपूर होतात.

आयकॉन ठेवायचा कुठे? इथेच खरी गोम आहे

नेटवर मिळणाऱ्या बहुतेक कोडमध्ये आयकॉनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. सी ड्राइव्ह, अमुक युजर, डेस्कटॉप, अमुक फाईल. तुमच्या लॅपटॉपवर तो पत्ता आहे, म्हणून आयकॉन दिसतो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावाचा युजरच नाही, मग पत्ता कुठून सापडणार?

पुढची सुधारणा म्हणून काही जण आयको फाईल ॲड-इनच्या शेजारी ठेवतात आणि कोडमध्ये "ही ॲड-इन ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे बघ" असं लिहितात. हे आधीच्यापेक्षा बरं आहे. यात "धिस वर्कबुक"चा पत्ता घ्यायचा, "ॲक्टिव्ह वर्कबुक"चा नाही. ॲक्टिव्ह वर्कबुक म्हणजे दुकानदाराने त्या क्षणी उघडलेली फाईल, ती कुठेही असू शकते. पण यातही एक फट आहे. तुम्ही पेन ड्राइव्हवरून ॲड-इन जोडायला गेलात की एक्सेल विचारू शकतं, फाईल ॲड-इन्सच्या फोल्डरमध्ये कॉपी करू का? तुम्ही हो म्हणता. कॉपी होते ती फक्त ॲड-इन. आयको फाईल पेन ड्राइव्हवरच राहते आणि पेन ड्राइव्ह तुमच्या खिशात घरी येतो.

म्हणून तिसरा मार्ग, आणि मी तोच शिकवतो. फॉर्मवर दोन इमेज कंट्रोल टाका. डिझाइन करतानाच एकाच्या पिक्चर प्रॉपर्टीत १६ ची आयको भरा, दुसऱ्याच्या पिक्चर प्रॉपर्टीत ३२ ची. दोघांची व्हिजिबल प्रॉपर्टी फॉल्स करा. आता चित्रं फॉर्ममध्ये साठवली गेली आणि फॉर्म ॲड-इनमध्ये. दुकानदाराला एकच फाईल द्यायची, आयकॉन तिच्या पोटातून जातो. हरवायला वेगळं काही उरतच नाही.

शेजारी ठेवायच्या पद्धतीचा एक फायदा मात्र खरा आहे. प्रत्येक दुकानदाराला त्याच्या दुकानाचं चिन्ह द्यायचं असेल तर फक्त आयको फाईल बदलली की झालं, कोडला हात लावावा लागत नाही. तसं करायचं असेल तर आधी शेजारची फाईल शोधा आणि ती नसेल तर पोटातला आयकॉन वापरा. दोन्ही सोयी मिळतात.

आता बसवायच्या पायऱ्या

फॉर्मला आयकॉनची प्रॉपर्टी नाही, त्यामुळे आपल्याला एक्सेलला बाजूला ठेवून थेट विंडोजशी बोलावं लागतं. त्यासाठी विंडोजची तयार फंक्शन्स आपल्या कोडमध्ये जाहीर करायची असतात. खाली नावं मराठीत लिहिली आहेत, नेमकं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे. आकडेही कोडमध्ये इंग्रजीतच टाइप करायचे.

पायरी १ : खिडकीचा नंबर मिळवा. विंडोजकडे प्रत्येक खिडकीला एक नंबर असतो, त्याला हँडल म्हणतात. फाइंडविंडो हे फंक्शन तो शोधून देतं. त्याला दोन गोष्टी सांगायच्या : खिडकीची जात आणि तिचं नाव. ऑफिस २००० पासून युजरफॉर्मच्या खिडकीची जात "थंडर-डी-फ्रेम" अशी आहे. नाव म्हणजे फॉर्मचं कॅप्शन. पण दोन फॉर्मची नावं सारखी असली तर? मग आयकॉन भलत्याच खिडकीला लागेल. त्यावर साधा उपाय आहे. कॅप्शन क्षणभर बदलून एखादं विचित्र, दुसरीकडे नसणारं इंग्रजी नाव द्या, खिडकी शोधा आणि लगेच मूळ नाव परत ठेवा. डोळ्याला कळतही नाही.

पायरी २ : आयकॉनचा नंबर घ्या. आयकॉनलाही हँडल असतो. इमेज कंट्रोलच्या पिक्चरला विचारलं की तो देतो. फक्त आत खरी आयको हवी. जेपीजी किंवा बीएमपी भरलेली असेल तरी नंबर मिळतो, पण तो आयकॉनचा नसतो, आणि टायटल बारवर काहीच येत नाही. त्यामुळे आधी पिक्चरचा टाइप तपासा. तो ३ असेल तर आयकॉन आहे.

पायरी ३ : खिडकीला आयकॉन द्या. सेंडमेसेज या फंक्शनने खिडकीला निरोप पाठवायचा. "आयकॉन लाव" या निरोपाचा क्रमांक १२८. सोबत ० पाठवलं तर तो लहान आयकॉन समजतात, तो टायटल बारवर जातो. १ पाठवलं तर मोठा, तो ऑल्ट आणि टॅब दाबल्यावर दिसणाऱ्या यादीसाठी. म्हणून निरोप दोनदा पाठवायचा : ० सोबत १६ चा आयकॉन, १ सोबत ३२ चा.

पायरी ४ : आड येणारी चौकट काढा. इथे बरेच जण थांबतात, कारण तीन पायऱ्या बरोबर केल्या तरी टायटल बार कोराच. युजरफॉर्मला विंडोज डायलॉग बॉक्स समजतं आणि तशी चौकट असलेल्या खिडकीत आयकॉन दाखवत नाही. गेटविंडोलाँगने खिडकीची जादा स्टाइल वाचायची, त्यासाठी क्रमांक उणे २०. त्यातून १ किमतीची डायलॉग चौकटीची खूण काढून टाकायची आणि सेटविंडोलाँगने परत लिहायची. इथे सरळ १ वजा करू नका. खूण आधीच नसेल तर वजाबाकीने दुसरंच काहीतरी बिघडेल. "ॲन्ड नॉट" वापरून तेवढीच खूण पुसा.

पायरी ५ : पट्टी परत रंगवा. ड्रॉमेनूबारला खिडकीचा नंबर द्या. टायटल बार नव्याने रंगवला जातो आणि आयकॉन दिसतो.

हे सगळं एका वेगळ्या प्रोसिजरमध्ये लिहा आणि फॉर्मच्या ॲक्टिव्हेट इव्हेंटमधून बोलवा. त्या वेळी खिडकी नक्की तयार असते.

एक बारीक नियम लक्षात ठेवा. इमेज कंट्रोलमधून घेतलेला आयकॉन आपण नष्ट करायचा नाही, तो त्या कंट्रोलचा आहे, फॉर्म बंद झाला की त्याचं तो बघतो. पण बाहेरच्या फाईलमधून एक्स्ट्रॅक्टआयकॉनसारख्या फंक्शनने काढलेला आयकॉन आपला. फॉर्म बंद होताना तो डिस्ट्रॉयआयकॉनने परत करायचा. फॉर्म चालू असताना करायचा नाही, तेव्हा तो वापरात असतो.

बिल थांबता कामा नये

आता दुसरा नियम. आयकॉन ही सोय आहे, बिल हा धंदा आहे. खिडकी सापडली नाही, नंबर ० आला, आयकॉन मिळाला नाही, तर प्रोसिजरने गुपचूप बाहेर पडायचं. मेसेज बॉक्स दाखवायचा नाही. रांगेत चार माणसं असताना "आयकॉन सापडला नाही, ओके दाबा" हे कुणालाही नको असतं.

पण एक चूक अशी आहे की ती गुपचूप टाळता येत नाही. एक्सेल ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत मिळतं. ऑफिस २०१० पासून ६४ बिट आलं आणि सोबत व्हीबीए ७. ६४ बिट एक्सेलमध्ये विंडोजचं फंक्शन जाहीर करताना "पीटीआरसेफ" हा शब्द लिहावाच लागतो, आणि हँडल "लाँग"मध्ये न ठेवता "लाँगपीटीआर"मध्ये ठेवावे लागतात. जुन्या कोडमध्ये हे नसतं. तो कोड ६४ बिट एक्सेलवर कंपाइलच होत नाही. कंपाइलची चूक म्हणजे कोड सुरू व्हायच्या आधीची चूक, तिथे तुमचं "ऑन एरर" काही करू शकत नाही. निकाल असा की शोभेच्या आयकॉनपायी बिलिंगचा फॉर्मच उघडत नाही. दुकानदाराला कारण कळत नाही, त्याला एवढंच कळतं की तुमचं टूल चालत नाही.

नेटवर "६४ बिटसाठी सेटविंडोलाँगपीटीआर वापरा" असा सल्लाही दिसेल. ते फंक्शन ३२ बिटच्या विंडोज लायब्ररीत त्या नावाने नसतं, म्हणजे आता उलटीकडे अडचण. आपण फक्त स्टाइल बदलतोय आणि स्टाइलचा आकडा दोन्हीकडे ३२ बिटचाच असतो. त्यामुळे साधं सेटविंडोलाँग पीटीआरसेफसह जाहीर केलं की दोन्ही प्रकारांत चालतं.

समोरचं एक्सेल कुठल्या प्रकारचं आहे ते फाईल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे पहिल्याच ओळीत दिसतं. ऑर्डर घेतानाच बघून घ्या. मॅकवर ही विंडोजची फंक्शन्स नाहीत, आणि मोबाईलवरच्या किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालतच नाही. दुकानदार तिथे काम करत असेल तर ते आधीच स्पष्ट सांगा, पैसे घेतल्यावर नको.

मराठी नाव आणि प्रश्नचिन्हं

आपल्या लोकांना हमखास येणारी अडचण. फॉर्मच्या कॅप्शनमध्ये मराठीत दुकानाचं नाव टाइप केलं की व्हीबीएच्या एडिटरमध्ये प्रश्नचिन्हांची रांग उमटते. एडिटर युनिकोडचा नाही, देवनागरी त्याला कळत नाही. आणि फाइंडविंडो जर त्या नावावर अवलंबून असेल तर शोधही बिनभरवशाचा होतो.

त्यामुळे कॅप्शन छोटं आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. मराठी नाव फॉर्मच्या आत मोठ्या लेबलमध्ये दाखवा. ते कोडमध्ये टाइप करायचं नाही, ॲड-इनच्या एखाद्या शीटच्या सेलमध्ये लिहून ठेवायचं आणि फॉर्म उघडताना तिथून लेबलमध्ये घ्यायचं. लेबलला निर्मला युआय किंवा मंगल फॉन्ट द्या.

आणि आयकॉन तर चित्र आहे. त्यातल्या "म"ला एडिटर प्रश्नचिन्ह बनवू शकत नाही. टायटल बारवर मराठी अक्षर आणायचा सगळ्यात सरळ मार्ग हाच.

एक्सेलच्या मुख्य खिडकीचाही आयकॉन बदलू का?

करता येतं. तोच निरोप एक्सेलच्या मुख्य खिडकीला पाठवायचा. पण माझा सल्ला आहे, करू नका. एक्सेल २०१३ पासून प्रत्येक फाईलची खिडकी स्वतंत्र असते, त्यामुळे तुम्ही बदल केलात तर एका खिडकीवर तुमचं चिन्ह आणि बाकीच्यांवर एक्सेलचं, असा खेळ होतो. शिवाय दुकानदाराच्या स्वतःच्या फाईलींवर तुमचं चिन्ह दिसायला लागलं तर तो घाबरेल, आणि बरोबरच आहे त्याचं. घर त्याचं, आपण भाड्याच्या खोलीवर पाटी लावावी, वाड्याच्या दारावर नाही.

फॉर्मला टास्कबारवर स्वतंत्र बटण देता येतं का? येतं. जादा स्टाइलमध्ये २६२१४४ किमतीची खूण घालायची, आणि ती लागू व्हायला खिडकी एकदा लपवून परत दाखवावी लागते. पण फॉर्म एक्सेलच्याच प्रोग्रॅममध्ये चालतो, त्यामुळे टास्कबार बटणं एकत्र करत असेल तर ते एक्सेलच्याच गटात जातं. बहुतेक दुकानांत याची गरज पडत नाही.

दुसऱ्याची पाटी लावू नका

सोपं म्हणून काही जण एक्सेलचा, एखाद्या बँकेचा, पेमेंट ॲपचा किंवा जीएसटीचा लोगो उचलून आयकॉन करतात. "त्याने विश्वास बसतो" असं त्यांचं म्हणणं. नेमकं तेच चुकीचं आहे. तुमच्या टूलवर दुसऱ्याचं चिन्ह लावणं म्हणजे ते टूल त्यांचं आहे असं भासवणं. आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे, आणि नोंदणीकृत चिन्ह परवानगीशिवाय धंद्यात वापरलं तर अंगाशी येऊ शकतं. नेटवरून फुकट आयकॉन घेतलात तरी त्याच्या परवान्यात विक्रीसाठी वापरायची मुभा आहे का ते वाचा. त्यापेक्षा स्वतः काढलेलं एक अक्षर बरं.

आणि विश्वासाचा खरा दरवाजा आयकॉनचा नाहीच. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. तुम्ही मेलवर ॲड-इन पाठवलीत आणि दुकानदाराने ती उतरवून घेतली, तर ती चालणारच नाही अशी शक्यता मोठी. फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची खूण, हे त्याला समोर बसून दाखवा आणि हे का करावं लागतं तेही सांगा. धंदा वाढला की डिजिटल सही घेण्याचा विचार करा. "सगळी सुरक्षा बंद करून टाका" असा सल्ला मात्र कुणालाही देऊ नका. त्याच कॉम्प्युटरवर त्याचं बँकेचं कामही चालतं.

फाईल देण्याआधी ही तपासणी करा

तुमच्या लॅपटॉपवर चाललं याला परीक्षा म्हणत नाहीत. मित्राचा किंवा शेजारच्या दुकानातला कॉम्प्युटर घ्या आणि एवढं बघा :

• फक्त ॲड-इनची एक फाईल नेली. आयको फाईल मुद्दाम घरी ठेवली. आयकॉन दिसतो का?
• एकदा ३२ बिट आणि एकदा ६४ बिट एक्सेलवर फॉर्म उघडतो का?
• स्केलिंग १२५ आणि १५० टक्के केलं तर अक्षर वाचता येतं का?
• टायटल बार गडद केला तर आयकॉन उठून दिसतो का?
• इमेज कंट्रोलमधलं चित्र मुद्दाम काढून टाकलं, तरी बिल निघतं का?
• ॲड-इन काढून टाकल्यावर दुकानदाराचं एक्सेल पहिल्यासारखं आहे का?

पाचवा मुद्दा कुणी तपासत नाही. तुम्ही तपासा.

ज्यांना पुढे व्हिज्युअल स्टुडिओमध्ये सी शार्पने ॲड-इन बनवायची आहे त्यांना एक चांगली बातमी : तिथल्या विंडोज फॉर्मला आयकॉन नावाची प्रॉपर्टी असते, आयको फाईल रिसोर्समध्ये घालून सरळ जोडता येते. वरच्या पाच पायऱ्यांची कसरत करावी लागत नाही. नियम मात्र दोन्ही तेच.

आजचं काम : तुमच्या टूलसाठी एक अक्षर आणि एक रंग ठरवा. चौकटीच्या वहीत १६ चौकोन आडवे, १६ उभे असे आखा आणि त्यात ते अक्षर पेन्सिलने भरा. हातभर अंतरावरून वाचता आलं तर जिंप उघडा, नाही आलं तर दुसरं अक्षर घ्या. पुढच्या व्हिडिओत आपण हाच फॉर्म रिबनवरच्या बटणाला जोडणार आहोत, तोपर्यंत आयकॉन तयार ठेवा.